एका माणसाचं धुणं

नळ सोडला तर आधी नुसती हवा आली. मग खोकल्यासारखा आवाज झाला आणि मग तांबडं पाणी यायला लागलं. मी नळ तसाच सोडून ठेवला. एरवी पुण्यात कुणी असा नळ वाहता ठेवला तर दार वाजवून सांगायला जाणारी बाई मीच. पण ही इमारत आता पाडणार आहेत, आणि गच्चीवरच्या टाकीत जे काही उरलंय ते तसंही कुणी पिणार नाही.

वारज्यातली ही जागा. तिसरा मजला, एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढे गॅलरी आणि स्वयंपाकघराच्या मागे हातभर रुंदीची ती चिंचोळी जागा, जिला पुण्यात ड्राय बाल्कनी म्हणतात. भांडी घासायची, कपडे धुवायचे, केरसुणी ठेवायची जागा. भाडेकरू गेलेत, पंखे काढून नेलेत. ड्राय बाल्कनीतल्या फरशीवर गंजाचे चार गोल डाग अजून आहेत. ते माझ्या धुण्याच्या मशीनच्या पायांचे. माझ्यामागून इतके भाडेकरू आले, इतक्या बायकांनी ती फरशी घासली, पण डाग काही गेले नाहीत. मला फार बरं वाटलं ते बघून.

रिकाम्या घरात पाऊल टाकलं की लोकांना गहिवरून येतं म्हणतात. मला राग आला. जुनाच, चांगला मुरलेला राग. आणि त्याच्या मागोमाग, साबणाचा वास आला.

माझ्या लहानपणाला वास आहे तो न वाळलेल्या कपड्यांचा. बुधवार पेठेत दुकानांच्या वर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. खाली रेडिओ दुरुस्तीवाल्यांची खरखर दिवसभर, आणि वर एकच खिडकी. आढ्याला टांगलेली लांब दांडी, आणि कपडे वर चढवायला कोपऱ्यात उभी केलेली काठी. आई काठीच्या टोकाने कपडा उचलायची, दांडीवर टाकायची आणि खालून दोन टपल्या मारून सुरकुत्या काढायची. खिडकीजवळ वडिलांचे सदरे. मग दादाचे, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचे. मग चादरी. शेवटी, खोलीच्या पार आतल्या अंगाला आईचं पातळ, आणि त्या पातळाच्या पोटात, दोन्ही बाजूंनी नीट झाकलेले, तिचे आणि माझे आतले कपडे.

तिचा हात त्यात इतका बसलेला होता की आत काही आहे हे बाहेरून कळायचंच नाही. वाळायचं मात्र काही नाही. पावसाळ्यात तर शाळेच्या सकाळी आई माझी आतून घालायची बॉडी शेगडीवर धरून उभी राहायची, आणि तरी ती दमटच अंगावर चढायची. दिवसभर खाज. वर्गात हात मागे नेऊन खाजवताही यायचं नाही. दादाचा सदरा कडकडीत वाळलेला, खळ घातलेला, हालला तरी आवाज करणारा. एकदा मी आईला विचारलं की आपल्या कपड्यांना खिडकी का नाही. लोक बघतात, म्हणाली. मग बघू देत की, म्हटलं. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की पुढचे कित्येक दिवस मी त्या दांडीकडे मान वर करून पाहिलं नाही.

पण खोटं कशाला बोलू, त्या धुण्याची मला ओढही होती. मोरीतला तो काळा दगड, मधे झिजून खोलगट झालेला. सकाळी बंबाच्या धुरात मिसळलेला साबणाचा वास. निळीची पुरचुंडी बादलीत फिरवायचा मान माझा. पाण्यात पहिल्यांदा रेघा उठायच्या, आणि मग सगळं पाणी एकदम निळं. आई म्हणायची, पुरे, पुरे, सदरे आहेत ते, आभाळ नाही करायचंय. तिचे हात कायम थंड असायचे आणि बोटांची टोकं सुरकुतलेली. तो काळा दगड, पुरचुंडी, दांडी, काठी, सगळं कुठे गेलं कोण जाणे. वास तेवढा माझ्याबरोबर आला. सासरी पण आला. तिथेही माझ्या वाट्याला सासूबाईंच्या पातळाची आतली बाजू होती.

नवऱ्याचं घर मी का सोडलं ते इथे येणार नाही. फार लोकांना फार वेळा सांगून झालंय, आणि ऐकणाऱ्यांचं समाधान एकदाही झालेलं नाही. सोडलं. शाळेत भूगोल शिकवत होते, पगार येत होता. काही दिवस दादाकडे काढले, मग एका काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून. काकूंचा नियम होता की धुणं न्हाणीघरात वाळवायचं, आणि वर टॉवेल. तिथे एका सकाळी तो जुना कुबट वास नाकात गेला आणि मी ठरवलं की आता स्वतःचं घर. भाड्याचं, पण स्वतःचं. त्यात धुवायची जागा आतच हवी, मशीन हवं, आणि ऊन हवं.

पुण्यात तेव्हाही जागा स्वस्त नव्हत्या, आणि एकट्या बाईला तर जागाच नव्हत्या. घरमालक खुर्चीवरून न उठता विचारायचे, मिस्टर काय करतात? मी म्हणायची, भेटले की विचारीन. तिथेच बोलणं संपायचं. एकांनी तर फार आदराने विचारलं, अहो, आपण एकट्याच ना, मग आपल्याला खिडक्या इतक्या कशाला? वारज्याची जागा कळली तेव्हा पगाराचा निम्मा घास भाडंच खाणार होतं. दादा चिडला. मुळात तो चांगला माणूस. पण त्या दिवशी ताटावरून हात झटकून म्हणाला, "अगं, एका माणसाचं धुणं ते किती? बादलीभर. त्याच्यासाठी मशीन, त्याच्यासाठी बाल्कनी, आणि त्याच्यासाठी एवढं भाडं?"

हे वाक्य मला फार लागलं. एका माणसाचं जेवण असतं, एका माणसाचा ताप असतो, मग धुणं का नसावं? मी दुसऱ्याच दिवशी जाऊन जागा घेतली.

घरमालकीण म्हणजे आक्का. सगळं वारजं त्यांना आक्काच म्हणायचं. त्यांचं वांग्याचं वावर होतं, ते बिल्डरला दिलं, त्यावर ही इमारत उभी राहिली आणि बदल्यात काही घरं त्यांना मिळाली. खालच्या मजल्यावर त्या मुलगा, सून, नातवंडांबरोबर राहायच्या. बाकीची घरं विकलेली, त्यांची सोसायटी झालेली. नऊवारी लुगडं, कपाळ रिकामं, आणि बोलणं असं की समोरच्याला आपलं काय चुकलं ते शोधत बसावं लागे. मिस्टरांचं त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, पानी लई सांडती का? मी नाही म्हटलं. ते साफ खोटं होतं.

मशीन बदली होऊन गेलेल्या एका बाईंकडून घेतलं. दोन टोपल्यांचं. एकीत कपडे घुसळायचे, मग हाताने उचलून दुसरीत टाकायचे, की ती गरगर फिरून पिळून द्यायची. रविवारी सकाळी चहाचा कप झाकणावर ठेवून मी ते सुरू करायची. आधी घुर्र, मग थांबून उलट्या बाजूने घुर्र. फेसाचा वास स्वयंपाकघरात यायचा आणि कढीपत्त्याच्या फोडणीत मिसळायचा. त्या आवाजात मी मोठ्याने गाणी म्हणायची. कुणाला ऐकू जात नाही अशी माझी समजूत होती.

ड्राय बाल्कनीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. तिथे ऊन येणं शक्यच नव्हतं. ऊन यायचं ते पुढच्या गॅलरीत, आणि पूर्व कुठे हे भूगोलाच्या बाईला कुणी सांगायला नको. मी गॅलरीत हुक ठोकून घेतले, दोरी बांधली आणि पहिल्या रविवारी सगळं धुणं बाहेर आणलं. साडी घातली, चादर घातली, आणि मग हात थांबले. माझे हात पातळाची आतली बाजू शोधत होते. मला माझाच इतका राग आला की मी एकेक बारका कपडा झटकून, दोन चिमटे लावून, दोरीच्या अगदी मधोमध लावला. संध्याकाळी ते गोळा केले, घडी घातली नाही, मांडीवर घेतले आणि त्यात तोंड खुपसून बसले. उन्हाला वास असतो हे तोवर मला फक्त दादाच्या सदऱ्यांवरून माहीत होतं.

थोड्याच दिवसांत जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली. "इमारतीच्या दर्शनी भागी अंतर्वस्त्रांचे प्रदर्शन मांडू नये. प्रवेश विनामूल्य असला तरी रहिवाशांस रस नाही." सेक्रेटरी पेठेतून राहायला आलेले निवृत्त गृहस्थ होते, अक्षर सुरेख. मी पुढच्या रविवारी तस्सेच कपडे घातले. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, अहो बाई, आपण शिक्षिका आहात. म्हटलं, हो ना, म्हणून तर धुतलेले घालते. मग त्यांनी माझा नाद सोडला आणि आक्कांना गाठलं. एक तर भाडेकरूला कपडे आत घालायला सांगा, नाहीतर अकरा महिने झाले की करार वाढवू नका.

आक्का रविवारी वर आल्या. मी भांडणाच्या तयारीने दार उघडलं, तर त्यांच्या हातावर लुगडं. "बघू दे तुझं मशीन," म्हणाल्या. गुडघ्यांमुळे सून त्यांना धुणं धुऊ देत नव्हती, आणि ते त्यांना जिव्हारी लागलं होतं. आम्ही दोघींनी मिळून ते अख्खं नऊवार मशीनमध्ये कोंबलं. पिळायच्या टोपलीत त्याचा दोर झाला, सगळा एका अंगाला बसला, आणि मशीन धाडधाड करत ड्राय बाल्कनीतून स्वयंपाकघराकडे चालायला लागलं. आक्कांनी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. थांब की गं भवाने, म्हणत होत्या, आणि हसता हसता फरशीवरच बसल्या. मी बटण बंद करायचं सोडून हसत बसले.

मग त्या गावच्या जुन्या कालव्यावरच्या धुण्याचं सांगत राहिल्या. पहाटे सगळ्या बायका धुणं घेऊन निघायच्या, दगडावर आपटण्याचा आवाज वावरापर्यंत यायचा. तिथेच बोलायचं, तिथेच रडायचं, लुगडी झुडपांवर पसरायची. आता कालवाही बुजवला. वांग्याचं वावरही नव्हतं आणि त्यांच्या हातांना कामही नव्हतं. हे सांगताना त्या ओल्या लुगड्याचा पीळ सोडवत होत्या.

नऊवार वाळवायला लांबी फक्त पुढच्या दोरीवर. ते घातलं तर गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकली गेली. आक्कांनी माझ्या कपड्यांकडे पाहिलं, मग खाली, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझं लुगडं रोज हितं ऱ्हाऊ दे. त्याच्या आत घाल तुझं बारकं धुणं. कुनाला दिसायचं न्हाई, कुनी बोलायचं बी न्हाई. करार मी बघते."

माझ्यासाठी इतकं कुणी केलं नव्हतं. होकार जिभेवर होता. तेवढ्यात वाऱ्याने लुगडं हललं, त्याची ओली आतली बाजू माझ्या तोंडाला लागली, आणि मला आईची काठी दिसली. मी म्हटलं, "नको आक्का. उन्हातच घालणार."

आक्कांनी दोरीवरून लुगडं ओढलं, तसंच ओलं खांद्यावर टाकलं आणि त्या गेल्या. जिन्यात खालपर्यंत पाणी सांडलेलं होतं. ते मी पुसलं.

अधूनमधून खालून आक्कांकडची वांग्याची भाजी यायची, ती त्यानंतर येईनाशी झाली. सेक्रेटरी जिन्यात हसून नमस्कार करायला लागले. करार संपत आला होता आणि दादाने मागची खोली रिकामी करून ठेवली होती. मी बघून आले. खिडकी बोळात उघडणारी, आत एक दांडी. वहिनी प्रेमाने म्हणाली, धुण्याला बाई येते, तुमचं पण तिच्याकडेच टाकत जा. मी घाबरले होते, हे कबूल करते. रात्रंदिवस एकच विचार की एवढ्याशा चिंध्यांपायी घर हातचं चाललं. एका रविवारी मी टॉवेल घेऊन दोरीपाशी गेले, फक्त वरून टाकायला. बराच वेळ उभी राहिले. मग टॉवेल झटकला आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, एकटाच वाळत घातला.

कराराचा शेवटचा रविवार. मशीन पिळून थांबलं आणि जिन्यात पावलं वाजली. दारात आक्का, कमरेवर घमेलं. घमेल्यात ओल्या चोळ्या. हाताने धुतलेल्या, खणाच्या, हिरव्या, तांबड्या, काखेत ठिगळं लावलेल्या. लुगडं एकही नाही. माझ्याकडे न बघता त्या सरळ गॅलरीत गेल्या आणि एकेक चोळी झटकून, बाह्या पसरून दोरीवर घालायला लागल्या. माझ्या कपड्यांशेजारी. जागा पुरेना तशी कठड्यावर.

खाली सेक्रेटरी दूध घेऊन येत होते. त्यांनी सवयीने वर पाहिलं. आक्का कठड्यावर वाकल्या आणि म्हणाल्या, "सेक्रेटरी, नीट बघून घ्या. ह्या माझ्या चोळ्या हायत. तुमी जितं उभं हाय तितं माझं वावर हुतं. तवा बी ऊन हिकडनंच यायचं. आता काय लिवायचं ते लिवा फळ्यावर."

सेक्रेटरींनी काही लिहिलं नाही. ते दुधाची पिशवी सांभाळत आत गेले. आक्का माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता. "कालव्यावर बी चोळी लुगड्याखालीच घालायचो आमी. दमट अंगात घालून घरला यायचो. जल्मात ऊन न्हाई दावलं बघ ह्यास्नी." मग पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "कुठं हाय तुझा करार? आन हिकडं."

पुढची कितीतरी वर्षं ती दोरी दोघींची होती. अर्धी माझी, अर्धी त्यांची. धुणं त्या हातानेच धुवायच्या, मशीनवर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच. वाळेपर्यंत गॅलरीत बसून शेंगा सोलायच्या आणि इमारतीतल्या प्रत्येकाला एकेका वाक्यात निकालात काढायच्या. आक्का गेल्या त्यानंतरच्या रविवारी मी माझ्या अर्ध्याच दोरीवर कपडे घातले. पुढे मी विश्रांतवाडीला राहायला गेले, तेव्हा मशीन नेलं. दोरी तिथेच ठेवली.

आज इथे मला आक्कांच्या नातवाने बोलावलंय. तेव्हा मला बाई म्हणायचा, आता मॅडम म्हणतो. ही इमारत पाडून तोच टॉवर बांधणार आहे. माझ्या आत्ताच्या घरमालकांना जागा विकायची आहे, त्यामुळे मी पुन्हा घर शोधतेय, हे त्याला कुठून तरी कळलं. या वयात घरमालक मिस्टरांचं विचारत नाहीत, मुलं काय करतात ते विचारतात. नसली की तिथेच बोलणं संपतं. नातू मनापासून म्हणाला, "मॅडम, आज्जीचा शब्द होता, तुम्हाला घर ठेवायचं. टॉवरमध्ये वन बीएचके तुमचा. भाडं तुम्ही म्हणाल ते. मशीन आतच देतो, कपडे वाळूनच बाहेर येतात. फक्त गॅलरीत दोरी नाही हां. बाहेरून एलिव्हेशन खराब दिसतं."

पुन्हा तेच. चांगलं माणूस, चांगला शब्द, आणि वर एक लुगडं झाकायला. घराची मला गरज आहे, फार आहे. मी त्याला गॅलरीत नेलं. माझे हुक अजून होते, आणि त्यांना कुणाची तरी नायलॉनची दोरी. म्हटलं, "तुझ्या आज्जीच्या चोळ्या इथे वाळायच्या. सगळ्या वारज्याला दिसायच्या. तुझ्या टॉवरला दोरी चालत नसेल तर मीही चालत नाही."

त्याने दोरीला बोट लावून पाहिलं. त्याला काय आठवलं ते मी विचारलं नाही. मागे नळाचा आवाज बदलला होता. जाऊन पाहिलं तर पाणी स्वच्छ आलं होतं. गाडीवरून येताना तोंडाला बांधलेली ओढणी मी सोडली, नळाखाली धरली, चांगली चोळली, पिळली आणि नळ बंद केला. मग पुढच्या गॅलरीत येऊन ती दोरीवर पसरली, मधोमध. ऊन नुकतं कठड्यावर चढत होतं.

"मॅडम, वेळ लागेल वाळायला," नातू म्हणाला.

म्हटलं, लागू दे. आणि कठड्याला टेकून उभी राहिले. थोड्या वेळाने तोही शेजारी येऊन उभा राहिला.